आशा द्यावी की सत्य सांगावे?

वाचकहो, सन २०२१ च्या ऑगस्टात काबूल शहर तालिबानांच्या हाती गेले, तेव्हा अमेरिकेत राहणारे अफगाण लोक मागे राहिलेल्या आईबापांसाठी वकिलांच्या दारी गेले. तेथील कायद्यात ‘ह्युमॅनिटेरियन पॅरोल’ नामक एक वाट आहे. (आपणांस कैद्याची रजा आठवेल, ही ती नव्हे.) निकडीच्या प्रसंगी परक्यास व्हिसावाचून काही काळ देशात येऊ देणे, हा तिचा अर्थ, परंतु देणे न देणे सरकारच्या मर्जीवर. त्या वेळी दरमाणशी फी ५७५ डॉलर होती. म्हणजे सात माणसांच्या घरास चार हजारांहून अधिक. पूर्वी वर्षास दोन हजारही अर्ज येत नसत, ते काही महिन्यांत चाळीस हजारांवर गेले, आणि मंजूर फार थोडे झाले.

अशा समयी “सर्व ठीक होईल” असे म्हणणारा वकील गोड वाटतो. पण त्या शब्दावर कोणी घर विकले तर? उलट, “काही व्हावयाचे नाही” असे म्हणून परत लावणे हेही असत्यच, कारण थोड्यांस तरी परवानगी मिळाली. आशा किती अल्प आहे हे प्रथम सांगून मग जो लेखणी उचलतो, तोच आम्हांस खरा साहाय्यक वाटतो. पैसे दोघांपुरतेच असल्यास कोणाची नावे लिहावी, हे मात्र त्याने ठरवू नये. ते त्या घरच्यांनीच ठरवावे.