कुंपणाच्या आतली शाळा

धर्मप्रसारासाठी परदेशी गेलेल्या कुटुंबाकडे आपण बहुधा बाहेरून पाहतो. चर्च किती उभी राहिली, शाळा किती निघाल्या, बायबलचा अनुवाद कधी पुरा झाला, असा त्याचा हिशेब मांडतो. मला त्या घरातली सकाळ अधिक महत्त्वाची वाटते. प्रार्थना आणि न्याहारी आटोपली की आई जेवणाच्या टेबलावर पाटी-पुस्तकं मांडते आणि पोटच्या मुलांना शिकवायला बसते. दाराबाहेर दुसरा देश असतो, दुसरी भाषा, दुसरे देव. तो देश मुलांच्या मनात किती येऊ द्यायचा, हे या टेबलाशी ठरतं. चर्चमध्ये हेच कुटुंब सगळी माणसं एका पित्याची लेकरं आहेत असं सांगत असतं. त्या सांगण्यावर त्याचा स्वतःचा किती विश्वास आहे, याची परीक्षा घरच्या शाळेत होते.

हवाई बेटांवर ही परीक्षा फार कठोरपणे झाली. ज्या 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेच्या गॉर्डन हॉल यांनी १८१३ साली मुंबईत येऊन अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला, त्याच बोर्डाने १८१९ च्या ऑक्टोबरात सात जोडप्यांची तुकडी बोस्टनहून 'थॅडियस' जहाजाने हवाईला पाठवली. केप हॉर्नला वळसा घालून ती १८२० च्या एप्रिलमध्ये कैलुआला पोचली. तीत एसा आणि ल्यूसी थर्स्टन हे दांपत्य होतं. ल्यूसी शिक्षिका होती. एसाशी तिची ओळख आणि लग्न, दोन्ही जहाज सुटण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत झालेली. डॅनियल चेंबरलेन नावाचे एक शेतकरीही होते, बायको आणि पाच मुलांसह आलेले. तीनच वर्षांत, १८२३ साली, हे कुटुंब माघारी गेलं. परतण्यामागे इतर कारणांबरोबर मुलांची काळजीही होती. इथे राहून आपली मुलं कशी निपजतील, या प्रश्नाचं उत्तर त्यांना सापडलं नाही.

थर्स्टन दांपत्य राहिलं, आणि ल्यूसीने आपलं उत्तर शोधलं. कैलुआजवळ लानिआकेआ इथल्या घराभोवती उंच दगडी भिंत होती. आतल्या आवाराचे तिने भाग पाडले. हवाईयन माणसांनी कुठवर यायचं ते ठरलेलं, आणि मुलांसाठी वेगळं अंगण. तिथे ती त्यांना स्वतः शिकवायची. मुलांनी स्थानिक लोकांत मिसळू नये आणि त्यांची भाषा शिकू नये, असा घरचा नियम होता.

या भिंतीबद्दल घाईने निवाडा देऊ नये. घरून पत्र यायला सहा महिने लागत. वैद्य दूर, बाळंतपणं परक्या मुलखात. नवरा दिवसभर प्रवचनं आणि प्रवासात. आपण निवडलेल्या कामाची किंमत मुलांनी मोजू नये, असं त्या आईला वाटलं तर ते माणसासारखंच होतं. दुसरा मार्ग तर याहून क्रूर होता. अनेक मिशनरी आईबापांनी सहा-सात-आठ वर्षांची मुलं शिक्षणासाठी न्यू इंग्लंडला नातेवाइकांकडे धाडून दिली. पुन्हा भेट होईल की नाही याची खात्री नसे. मुलांना जवळ ठेवायचं ठरवणाऱ्या ल्यूसीच्या निर्णयात धैर्य होतं. परदेशी राहून मुलांना घरी शिकवणारी आई आजही तेच धैर्य दाखवते, आणि ते कमी लेखायचं कारण नाही.

पण भिंतीबाहेर त्याच वर्षांत काय चाललं होतं? या मिशनऱ्यांनी हवाईयन भाषेला लिपी दिली, १८२२ मध्ये छापखाना सुरू केला आणि १८३९ पर्यंत संपूर्ण बायबल त्या भाषेत आणलं. मोठी माणसं गावोगावी शाळेत बसून वाचायला शिकली. कैलुआतच १८३७ मध्ये मोकुआइकाउआ हे दगडी चर्च पुरं झालं. तिथल्या लोकांनी दगड रचून, प्रवाळाचा चुना भाजून ते बांधलं. एसा थर्स्टन त्यात हवाईयन भाषेत उपदेश करत. म्हणजे देवाचं वचन सांगायला जी भाषा पवित्र ठरली, तीच स्वतःच्या मुलांच्या कानांना अपवित्र ठरली. ज्यांच्या हातांनी चर्च उभं केलं, त्यांची मुलं मिशनऱ्यांच्या मुलांना खेळगडी म्हणून नको होती. मला या विसंगतीत ढोंग दिसत नाही, भीती दिसते. मात्र भीती खरी असली तरी तिचा परिणाम टळत नाही. शेजारी आपल्याकडून घेणारा, त्याच्याकडून आपण घ्यावं असं काही नाही, हा धडा त्या अंगणातली मुलं कोणत्याही पुस्तकाविना शिकत होती.

मुलं दूर धाडावी लागू नयेत म्हणून होनोलुलुला १८४२ मध्ये पुनाहौ शाळा सुरू झाली. डॅनियल डोल तिचे पहिले शिक्षक. पुढची दोन नावं याच गोतावळ्यातली आहेत. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत करण्याच्या कटात पुढाकार घेणारा लॉरिन थर्स्टन हा एसा आणि ल्यूसीचा नातू. त्यानंतर आलेल्या सरकारचा आणि पुढच्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष सॅनफर्ड डोल हा डॅनियल डोल यांचा मुलगा. गादीवरून उतरवलेली राणीही लहानपणी मिशनरींनी राजघराण्यातल्या मुलांसाठी चालवलेल्या शाळेतच शिकली होती. १८९६ मध्ये या प्रजासत्ताकाने शाळांचं माध्यम इंग्रजी ठरवलं, आणि आजोबांच्या पिढीने छापील रूप दिलेली भाषा वर्गाबाहेर गेली. एका घराचा नियम देशाचा कायदा झाला, असं सरळ समीकरण मांडता येणार नाही. मधे साखरेचा व्यापार होता, अमेरिकेचं लष्करी हित होतं. शिवाय लॉरिन थर्स्टन हवाईयन अस्खलित बोलत असे. आजीने घातलेली बंदी नातवापर्यंत टिकली नव्हती.

आणि हीच गोष्ट मला विचारात पाडते. शेजाऱ्याची भाषा येणं म्हणजे त्याच्याबद्दल आदर असणं नव्हे. भाषा हुकूम द्यायलाही शिकता येते. मग मुलांना परक्या देशात खरं काय मिळायला हवं?

चीनमधल्या चेन्च्यांग शहरातल्या एका घरात या प्रश्नाचं उत्तर आहे. ॲबसलम आणि कॅरोलाइन सायडनस्ट्रिकर हे प्रेस्बिटेरियन मिशनरी. त्यांची मुलगी पर्ल, म्हणजे पुढची पर्ल बक, १८९२ साली अमेरिकेत जन्मली आणि काही महिन्यांचीच असताना चीनला आली. वडील धर्मकार्यात बुडालेले. नव्या कराराच्या चिनी अनुवादासाठी ते घरखर्चातले पैसेही वळवत. आईची सातपैकी चार मुलं लहानपणीच दगावली. एवढं सोसलेल्या आईने भिंत उंच केली असती तर तिला कोण बोललं असतं? सकाळी ती मुलीला इंग्रजी पुस्तकं शिकवायची. पण दुपारी त्याच घरात कुंग नावाचे वृद्ध चिनी पंडित यायचे आणि पर्लला चिनी लिपी, अभिजात ग्रंथ आणि कन्फ्यूशियसची शिकवण द्यायचे. वांग नावाची दाई तिला बुद्ध आणि ताओ परंपरेतल्या कथा सांगायची. ज्यांना ख्रिस्ताकडे आणायचं म्हणून हे कुटुंब समुद्र ओलांडून आलं, त्यांच्यातल्याच एकाला त्याने आपल्या लेकीचा गुरू केलं.

त्याने पर्लचं आयुष्य सोपं झालं नाही. दोन जगांत वाढल्याची ओढाताण तिने पुढे आठवणींत मोकळेपणाने लिहिली आहे. १९०० च्या बॉक्सर उठावात चिनी वस्तीत वाढलेल्या या मुलीला गोऱ्या कातडीमुळे आईबरोबर शांघायला पळावं लागलं. पण कुंग गुरुजींनी तिला चीनकडे चीनच्या बाजूने पाहायला शिकवलं होतं. म्हणून तिच्या 'द गुड अर्थ' कादंबरीतला शेतकरी कोणाच्या दयेचा विषय होत नाही. तो फक्त शेतकरी असतो, हावरा, कष्टाळू, जमिनीवर जीव टाकणारा. १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिने परदेशी मिशनकार्याचीच उलटतपासणी करणारं भाषण केलं. मिशनरींचा उर्मटपणा आणि अज्ञान यांवर ती स्पष्ट बोलली आणि पुढच्या वर्षी मिशनमधून बाहेर पडली. कोणी म्हणेल, पाहा, मुलीला परक्याकडे शिकवलं आणि ती हातची गेली. मी म्हणेन, एका पित्याची लेकरं हे वचन त्या घरात तिनेच सर्वांत गंभीरपणे घेतलं.

अशा मुलांनी पंथ सोडलाच पाहिजे असंही नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या नगरमध्ये आहे. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ चा, मुंबईतला, अमेरिकन मराठी मिशनमधल्या दांपत्याच्या पोटी. वडील १८५४ मध्ये मायदेशी जाताना समुद्रावरच वारले. आईने मुलांना अमेरिकेत वाढवलं. येल विद्यापीठात शिकून ह्यूम १८७४ मध्ये जन्मभूमीला परतले आणि अहमदनगरला आयुष्य वेचलं. ख्रिस्ताचं नाव कधी कानी न पडता मेलेल्या माणसांना नरकाशिवाय गती नाही का, हा प्रश्न १८८६ मध्ये त्यांनी अमेरिकेत जाहीरपणे उपस्थित केला. अशा माणसाला परत पाठवावं की नाही, म्हणून बोर्ड अडून बसलं. अखेर ते नगरला परतले. माझ्या मते हा प्रश्न नुसत्या धर्मशास्त्राच्या पुस्तकातून येत नाही. ज्याला मेलेल्या शेजाऱ्यांचे चेहरे आठवतात, त्यालाच तो टोचतो.

त्याच मिशनमधले जस्टिन ॲबट हेही मिशनरींचेच पुत्र. वडील ॲमॉस ॲबट नगरला काम करत. निवृत्तीनंतर जस्टिन यांनी एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम आणि इतर संतांची चरित्रं आणि वाणी इंग्रजीत आणण्यात उरलेली वर्षं घालवली. महीपतींच्या 'भक्तविजया'च्या अनुवादावर त्यांच्याबरोबर पंडित नरहर गोडबोले यांचंही नाव आहे. शिकवायला आलेल्यांच्या घरातला मुलगा म्हातारपणी पंडिताशेजारी बसून शिकत होता. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग आणि कीर्तनाच्या वाटेने नेली, तीही याच नगरच्या परिसरात. पाश्चात्त्य चालींवरच्या गीतांऐवजी टाळ-मृदंग चर्चमध्ये येऊ शकला, कारण तिथे काही माणसं ऐकून घ्यायला तयार होती. टिळकांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

आजच्या मिशनरी कुटुंबाला भिंत बांधावी लागत नाही. बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ च्या सुमाराला पुस्तकं, धडे आणि सूचना पेटीत घालून टपालाने पाठवायला सुरुवात केली, आणि जगाच्या कोपऱ्यातलं मिशनरी घर अमेरिकन वर्गाशी जोडलं गेलं. आता अभ्यासक्रम, शिक्षक, वर्गमित्र आणि मायदेशातल्या चर्चचा रविवारही पडद्यावर येतो. ल्यूसीच्या अंगणाला निदान भिंतीपलीकडचे आवाज ऐकू येत असतील. पडद्यासमोरचं मूल दुसऱ्या खंडात राहूनही तिथे कधी न पोचलेलं असू शकतं. भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना १९५० च्या दशकात जॉन आणि रूथ उसीम यांनी अशा मुलांसाठी 'तिसऱ्या संस्कृतीची मुलं' ही कल्पना मांडली. पण तिसरी संस्कृती आपोआप तयार होत नाही. पहिली दोन्ही मनापासून भेटल्याशिवाय तिसरी कुठून येणार?

हा प्रश्न मराठी माणसालाही चुकलेला नाही. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आखातात आपली मंडळी रविवारी मराठी शाळा चालवतात. मुलांच्या तोंडी शुभंकरोती राहावी म्हणून धडपडतात. त्या धडपडीबद्दल मला नितांत आदर आहे. आपण तिथे सत्ता घेऊन गेलेलो नाही, म्हणून आपली भीती हवाईतल्या मिशनऱ्यांच्या भीतीइतकी धोकादायक नाही. पण जातीचं, धर्माचं, रंगाचं कुंपण घालून मुलं वाढवण्याचा मोह आपल्यालाही होतो. शेजारच्या घरात खेळायला पाठवताना आपणही मनात चाळणी लावतो. सत्ता नसलेल्याच्या घरातही मूल तोच धडा शिकतं, की आपण देणारे आणि बाकीचे घेणारे, किंवा आपण शुद्ध आणि बाकीचे नाहीत.

म्हणून परदेशी आपला धर्म, आपली भाषा, आपले संस्कार जपू पाहणाऱ्या प्रत्येक आईबापाला माझं एकच सांगणं आहे. मुलांना घरी शिकवा, आपली प्रार्थना शिकवा, आपल्या गोष्टी सांगा. तो तुमचा हक्क आहे आणि कर्तव्यही. पण वेळापत्रकात रोजची एक वेळ अशी ठेवा, जेव्हा त्या देशातलं कोणी तुमच्या मुलाचा गुरू असेल, आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत असाल. ज्याला आपण काही द्यायला गेलो त्याच्यापुढे आपलं मूल शिष्य म्हणून बसवण्याची आपली तयारी नसेल, तर आपलं देणं प्रेमातून आलेलं नाही, हे आपण स्वतःशी कबूल करायला हवं.