अण्णांची पॉलिसी

तालुक्याच्या गावात अण्णांचं हार्डवेअरचं दुकान. व्यवहार चोख आणि शब्दाला वजन. उपजिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर गावातली जाणती माणसं घ्यायची वेळ आली, तेव्हा वैद्यकीय अधीक्षकांनी पहिलं नाव अण्णांचंच सुचवलं. अण्णा एका बैठकीला गेले, चहा घेतला, सही केली आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

2009 साली त्यांनी नवराबायकोसाठी 5 लाखांची आरोग्य विमा पॉलिसी काढली होती. वर्षाचा हप्ता 12 हजार. आजारपण आलंच तर जिल्ह्याच्या ठिकाणी चांगलं खाजगी हॉस्पिटल होतं.

शेजारच्या सिस्टर त्याच सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. एकदा दुकानात येऊन म्हणाल्या, "अण्णा, सोनोग्राफीचं मशीन आलंय, पण रेडिओलॉजिस्टची जागा रिकामी. कायद्याने पात्र डॉक्टरशिवाय ते चालवता येत नाही, म्हणून कापड घालून ठेवलंय. समितीचं पत्र वर गेलं, तुम्ही आमदारांच्या कानावर घातलंत, तर काहीतरी हालचाल होईल."

"सिस्टर, आपलं तिथं काम पडतंय कुठे? आपलं कॅशलेस आहे."

सिस्टर उठता उठता थांबल्या. "पूर्वी तहसीलदारांच्या घरची बाळंतपणंसुद्धा आमच्याकडे व्हायची. वॉर्डातलं पाणी सकाळी गेलं, तर दुपारी टँकर दारात असायचा. आता जे येतात त्यांना तक्रार कुणाकडे करायची ते ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक आहे, ते येत नाहीत."

रुग्णालय औषधांवर आणि पगारांवर जितकं चालतं, तितकंच ते गावाच्या धाकावरही चालतं, असं मी स्वतः पाहिलेलं आहे. शिकली-सवरलेली, अर्ज लिहू शकणारी, साहेबाला जाब विचारू शकणारी घरं विमा काढून बाहेर पडली, की मागे राहतात ती हात जोडून उभी राहणारी माणसं. मग जागा रिकाम्या राहिल्या काय आणि मशीन झाकलेलं राहिलं काय, कुणाची झोप उडत नाही.

2022 मध्ये अण्णांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. बिल 1 लाख 60 हजार. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000 रुपये होती आणि अण्णांनी घेतलेली खोली 8,000 रुपयांची. वरचे रोजचे 3,000 आपण भरू, एवढाच त्यांचा हिशेब. पण डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कागद हातात आला, तेव्हा औषधांचे 40 हजार सोडून उरलेल्या 1 लाख 20 हजारांवर, म्हणजे सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, थिएटरचं भाडं, सगळ्यावर आठास पाच या प्रमाणात कात्री लागली होती. 45 हजार तिथेच कापले गेले. ही अट पॉलिसीच्या कागदात पहिल्यापासून छापलेली होती. अण्णांच्या पत्नी, म्हणजे काकू, तीन तास बाकावर बसून राहिल्या आणि अण्णांनी मुलाकडून पैसे मागवले, तेव्हा कुठे गेट पास मिळाला.

तरी त्यांनी पॉलिसी चालू ठेवली. साठी ओलांडल्यावर वयाचा टप्पा बदलला. 2024 च्या नूतनीकरणाचा हप्ता 62 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 73,160. (हा कर सप्टेंबर 2025 मध्ये उठला, पण अण्णांची मुदत त्याआधीच टळली होती.) त्या वर्षी दुकानही मंदच होतं. हप्ता भरला गेला नाही. नवी पॉलिसी घ्यायची तर जुन्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबायचं. अण्णा थांबले ते तसेच.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री काकूंच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. अण्णांनी त्यांना घराजवळच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, "काका, अपेंडिक्स वाटतंय, पण सोनोग्राफी इथं होत नाही. जिल्ह्याला न्यावं लागेल." 108 ची गाडी आली. भर पावसात 70 किलोमीटर. जिल्हा रुग्णालयातल्या तरुण सर्जनने पहाटे ऑपरेशन केलं, आणि उत्तम केलं. केसपेपरचेसुद्धा पैसे लागले नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, "अपेंडिक्स फुटलं होतं. तीन-चार तास आधी आणलं असतं तर काकूंना एवढा त्रास झाला नसता."

ते तीन-चार तास कुठे गेले, हे अण्णांना कुणी सांगायला नको होतं.

भोर समितीने 1946 मध्येच लिहून ठेवलं आहे की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. तो आकडा गाठला गेला नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत 5 लाखांचं संरक्षण आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, आणि ते मोलाचं आहे. पण त्या कार्डावर झाकलेलं मशीन चालू होत नाही.

काकू घरी आल्यावर अण्णा सिस्टरांकडे गेले. रिकाम्या जागांची यादी दोघांनी मिळून केली. मग अण्णा समितीच्या बैठकीला गेले आणि बाजारपेठेतल्या माणसांकडे सह्यांसाठी फिरू लागले. वकीलसाहेब म्हणाले, "अण्णा, यात आम्ही कशाला? आमची पॉलिसी आहे."

"तुमचं वय काय, साहेब?"

"छप्पन्न."

"हप्ता?"

वकिलांनी आकडा सांगितला. अण्णांनी पंधरा वर्षांच्या आपल्या पावत्या एकाखाली एक टेबलावर मांडल्या. वकिलांनी त्या शेवटपर्यंत पाहिल्या आणि अर्जाचा मसुदा बदलून स्वतः लिहायला घेतला.

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी कंत्राटावरचे रेडिओलॉजिस्ट येतात. रात्रीची सोय अजून झालेली नाही. त्यासाठीचं दुसरं पत्र गेलं आहे, आणि त्यावर एकशे चाळीस सह्या आहेत.