विद्यादान आणि प्रतिफळाची अपेक्षा

परदेशी जाऊन केवळ निर्वाहापुरते घेऊन तेथील मुलांना शिकवावे, ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य तरुणांत विशेष रूढ झाली. अमेरिकेत १९६१ साली ‘पीस कोअर’ ही सरकारी संस्था निघाली आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर तिची पहिली शिक्षक-तुकडी आफ्रिकेतील घाना देशात उतरली. १९६१ ते १९७६ या काळात भारतातही तिचे स्वयंसेवक येत असत. सेवेची मुदत साधारणतः दोन वर्षांची. ती संपल्यावर नवा संसार मांडण्यापुरती काही रक्कम आणि सरकारी नोकरीत प्रवेशाची सवलत मिळते. परभाषेचे ज्ञान, धीटपणा व अनुभव हे लाभ निराळेच.

येथे शंका अशी येते की, ज्या सेवेच्या अखेरीस असा लाभ ठेवलेला आहे, तिला सेवा म्हणावे की व्यवहार? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन भेद सांगितले आहेत. परतफेडीची आशा धरून दिलेले दान तेथे राजस ठरते. तेव्हा हे विद्यादानही राजसच होय, असे पूर्वपक्षी म्हणेल.

परंतु गीता फळाच्या येण्याचा निषेध करीत नाही. फळ हाच कर्माचा हेतू होण्याचा निषेध करते. घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यास औषधपाण्याचे ज्ञान सहजच होते. तेवढ्याने ती शुश्रूषा स्वार्थाची ठरत नाही. हा भेद सुखाच्या दिवसांत दिसत नाही, अडचणीत दिसतो. वर्ग मोठा, पुस्तके अपुरी, अंगात ताप, आणि अशात मायदेशाहून चांगल्या नोकरीचे बोलावणे आले, तर ज्याचा हेतू फळ आहे तो सत्राच्या मध्येच निघून जातो. त्याचे फारसे बिघडत नाही; बिघडते ते अर्ध्यावर सोडलेल्या मुलांचे.

याहून सूक्ष्म दोष तामस दानाचा. घेणाऱ्याचा अनादर करून दिलेले दान तामस होय. ‘मी या मागासलेल्यांचा उद्धार करीत आहे’ अशा वृत्तीने शिकविणारा एक पैसाही न घेवो, त्याचे दान तामसच.

भगिनी निवेदितांचे उदाहरण येथे लक्षात घेण्याजोगे आहे. लंडनजवळ स्वतःची शाळा चालविणाऱ्या या आयरिश विदुषी १८९८ च्या जानेवारीत कलकत्त्यास आल्या व त्याच वर्षी नोव्हेंबरात बागबाजारात त्यांनी मुलींची शाळा उघडली. शिकविण्यास आलेल्या या बाईंनी आधी तेथील भाषा व घरांतील रीत शिकून घेतली. १८९९ च्या प्लेगात त्या गल्ल्या झाडण्यासही उतरल्या. पुढे मोठे पद मिळेल, अशी ही वाट नव्हती. १९११ साली दार्जिलिंग येथे देह ठेवीपर्यंत त्यांनी या देशाला अंतर दिले नाही.

म्हणून घरातील मुलगा वा मुलगी अशा कार्यास निघाली असता गृहस्थाने प्रथम पाहावे की, वृद्ध माता-पित्यांचे किंवा अन्य कर्तव्य टाकून हे जाणे तर नव्हे? तसे असल्यास तो त्याग नसून पलायन होय. मग एवढेच विचारावे: ‘प्रशस्तिपत्र मिळणार नसेल, तरी जाशील काय?’ उत्तर अडखळले तरी वाट अडवू नये. सकाम निघालेला मनुष्यही, मुलांच्या पाटीवर दृष्टी स्थिर करील तर, त्याच कर्माने शुद्ध होत जातो. योगी आत्मशुद्धीसाठी कर्म करतात, असे भगवंतांनी पाचव्या अध्यायात सांगितले आहे. ही शुद्धी हेच विद्यादानाचे खरे वेतन. बाकीचे आले तर प्रसाद म्हणून घ्यावे, न आले तर खेद मानू नये.