दोन अंगणांचे ऋण

अमेरिकेच्या २०२० सालच्या जनगणनेत सुमारे ६ कोटी २१ लाख लोकांनी आपण हिस्पॅनिक अथवा लॅटिनो असल्याचे नोंदविले. वंशाचा प्रश्न त्याच अर्जात निराळा होता. त्यास उत्तर देताना यांच्यापैकी शेकडा सुमारे ४२ जणांनी केवळ ‘अन्य वंश’ सांगितला, तर शेकडा सुमारे ३३ जणांनी एकाहून अधिक वंश सांगितले. म्हणजे चारांतील तिघे नेहमीच्या एका चौकटीत मावले नाहीत. मग उणीव कोणाची? चौकटीची की माणसाची?

१५२१ साली एर्नान कोर्तेस याने अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. पुढे स्पॅनिश पिता व मूळनिवासी माता यांच्यापासून जी प्रजा वाढली, तिला मेस्तिसो म्हणू लागले. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे रक्तही त्या भूमीत मिसळले. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे गेला आणि तेथील कुटुंबे आपला उंबरठा न ओलांडताच परक्या राज्यात जाऊन पडली.

टेक्सासच्या अनेक शाळांत एके काळी स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. ती मुले आईबाप झाली, तेव्हा लेकरांना तो त्रास नको म्हणून अनेकांनी घरातही इंग्रजीच ठेवली. आज त्यांच्या नातवंडांना स्पॅनिश येत नाही म्हणून आप्तस्वकीयच हिणवितात. इकडे परके आणि तिकडेही परके!

संत थॉमस अक्विनस यांनी मातापिता व मातृभूमी यांच्याविषयीच्या ऋणभावनेस न्यायाशी निगडित सद्गुण मानले आहे. ऋण दोघांचे असू शकते. एकाचे फेडताना दुसऱ्याचे बुडत नाही. मूल अर्धे आईचे व अर्धे बापाचे नसते. ते संपूर्णपणे दोघांचे असते. तेव्हा ‘तू नेमका कोणाचा?’ असे दरडावून एकाची निवड करावयास लावणे म्हणजे त्याला दुसऱ्याचे ऋण नाकारावयास लावणे होय.

येथे एक अवघड शंका येते. पूर्वज जेता म्हणून, अत्याचारी म्हणून आला असेल, तर त्याचा मान कसा राखावा? आम्हांस वाटते, मातापित्यांचा मान राखण्याची आज्ञा त्यांच्या पापाला पुण्य म्हणावयास सांगत नाही. सत्य सांगूनही मान राखता येतो. मात्र पीडित मातेची लाज वाटून तिला लपविणे हा दुसरा अन्याय ठरतो. अठराव्या शतकात मेक्सिकोत मिश्र कुटुंबांची चित्रे काढून रक्तानुसार त्यांना नावे देत, आणि स्पॅनिश रक्ताला वरची पायरी असे. ‘आम्ही सगळेच मिश्र’ असे अभिमानाने म्हणताना काळ्यासावळ्या भावंडाला त्याच खालच्या पायरीवर बसविले, तर तो अभिमान पोकळ आहे.

परंपरा सांगते की, १५३१ साली तेपेयाक टेकडीवर पवित्र मरियेने हुआन दिएगो यांना दर्शन दिले. ती सावळ्या मुखाने प्रकटली आणि त्यांच्याच नाहुआत्ल भाषेत बोलली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये त्यांना संतपद दिले. प्रभू येशूही गालीलचा, सीमेवरच्या मुलुखातला. पेत्राची बोली ऐकताच अंगणातल्या लोकांनी त्याला ओळखले, आणि भीतीपोटी त्याने आपल्या प्रभूलाच नाकारले. बोलीवरून पकडले जाण्याची ती धास्ती टेक्सासच्या त्या मुलांना ठाऊक होती.

वसईकरांस हे दूरचे वाटू नये. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या २६ जणांना क्रुसावर चढविले, त्यांत आपले संत गोन्सालो गार्सिया होते : पिता पोर्तुगीज, माता येथली. त्यांच्यासमवेत संत फिलिप दे जेझुस होते, मेक्सिकोत जन्मलेले. ख्रिस्तसभेने १८६२ साली दोघांनाही एकाच वेळी संतपद दिले. त्यांच्या रक्ताची वाटणी कोणी मागितली नाही.

आपली मुले आज परदेशी संसार थाटतात. नातवंडे सुट्टीत येतात, मोडकेतोडके बोलतात आणि आपण हसतो. हसण्यापूर्वी क्षणभर थांबू या. त्या लेकराला दोन अंगणे आहेत. त्यांपैकी आपले अंगण त्याला परके वाटू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.