सीमेवरचे चौदा दिवस

शासनाने घालून दिलेला विलगीकरणाचा नियम मोडणे हे पाप आहे काय? प्रश्न भाबडा वाटेल. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांपुढे तो प्रत्यक्ष उभा राहिला. फरक एवढाच, की त्या वेळी त्याला कोणी पापाचा प्रश्न म्हटले नाही. आखातातून परतलेला मुलगा, बोटीवरून उतरलेला जावई, गोव्याहून आलेली मावशी यांच्याविषयी घराघरांत जी कुजबुज झाली ती दंडाची, पोलिसांची आणि शेजाऱ्यांच्या नजरेची होती. सदसद्विवेकाचे नाव त्या कुजबुजीत क्वचितच निघाले.

काही कायदे असे असतात, की ते मोडताना पकडले गेल्यास मुकाट्याने दंड भरावा, एवढेच त्यांचे मागणे असते. त्यांचा भार विवेकबुद्धीवर पडत नाही, असा एक मतप्रवाह ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात दीर्घकाळ होता. जकातीचे उदाहरण त्यासाठी हटकून दिले जाई. ते ग्रंथ न वाचताही आपण सर्वांनी हे मत मनोमन स्वीकारलेले असते. सिग्नल तोडल्याचे पापनिवेदन करणारा भाविक आम्हांस तरी अजून माहीत नाही!

विलगीकरण मात्र जकातीच्या रांगेत बसत नाही, असे आम्हांला वाटते. जकात चुकवली तर तिजोरीचे नुकसान होते. ताप लपवून माणूस नाक्यावरून पुढे सरकला तर नुकसान कोणाचे होईल हे त्याला ठाऊक नसते, आणि बहुधा कधीच ठाऊक होणार नसते. रिक्षावाल्याच्या घरची म्हातारी, दुकानात मागे उभी असलेली गर्भवती, यांचा आणि आपला संबंध त्याच्या ध्यानीमनीही येत नाही. खून करू नकोस ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली तेव्हा डोळ्यांपुढे सुरा होता. श्वासाने खून होऊ शकतो, आणि तो करणारा त्या रात्री निर्धास्त झोपू शकतो, ही कल्पना त्या पाठांतरात नव्हती.

तरीही प्रश्न इतक्यावर सुटत नाही; कारण हा नियम आजाऱ्यापेक्षा निरोग्यालाच अधिक लागू होतो. एड्रियाटिक समुद्रकाठच्या रागुसा नगराने, म्हणजे आजच्या डुब्रोव्निकने, १३७७ मध्ये असा ठराव केला, की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्या कोणीही आधी म्रकान बेटावर किंवा त्साव्ताट गावी एक महिना काढावा आणि मगच नगरात पाऊल टाकावे. पुढे इतर बंदरांत तीस दिवसांचे चाळीस झाले आणि इटालियन भाषेतील चाळीस या आकड्यावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द जगभर रूढ झाला. त्या ठरावात आजारी कोण, हा प्रश्नच नव्हता. कोठून आलात, एवढाच होता. आपण आजारी नसण्याचा संभव अधिक असताना आपण आजारी आहोत असे समजून वागावे, आणि हे अशा माणसासाठी करावे ज्याचे तोंडही आपण पाहणार नाही, ही मागणी लहान नव्हे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा इतक्या कोरड्या, कागदी रूपात क्वचितच समोर येते. तरीही ती तीच आज्ञा आहे. म्हणून आमचे उत्तर असे, की हा नियम विवेकबुद्धीला बांधतो.

परंतु बांधणाऱ्याचे काय? मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने घरी विलग राहण्यास सांगितलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्का मारण्यास आरंभ केला. त्याच महिन्याच्या १८ तारखेस, मुंबईहून गुजरातकडे निघालेल्या गरीबरथ गाडीत जर्मनीहून आलेल्या चौघांच्या हातांवरचे शिक्के दिसले आणि त्यांना पालघर स्थानकावर उतरवण्यात आले. आपल्या शेजारचेच हे स्थानक. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी ही बातमी वाचली, त्यांनी त्या चौघांना दोष दिला. भरल्या गाडीत बसणे चूकच होते. त्याविषयी आमचे दुमत नाही. पण जरा थांबून विचार करावा. ‘घरी जा आणि चौदा दिवस घरातच राहा’ असा आदेश ज्याच्या हातावर उमटवला जातो त्याचे घर शेकडो मैलांवर असेल, तर त्याने तेथवर जावे कसे, हे सांगण्याचे दायित्व कोणाचे? शिक्का मारणारा हात आणि वाहन देणारा हात एकाच शासनाचे असावयास हवेत. पहिलाच तेवढा पुढे आला, तर नियम पाळणाऱ्यालाही आपण अपराधी करून ठेवतो.

या बाबतीत आपल्या प्रदेशाची स्मृती जुनी आहे. ज्या साथरोग कायद्याच्या आधारे २०२० चे बहुतेक आदेश निघाले तो ४ फेब्रुवारी १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या धास्तीतून घडलेला. कलमे अवघी चार. एकात प्रांतिक सरकारला हवे ते नियम करण्याची मुभा, एकात ते मोडणाऱ्याला शिक्षा, एकात अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण. विलग केलेल्या माणसाच्या मुखी घास कोणी घालावा याविषयी त्यात अवाक्षर नाही. पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे शिपाई घरांत शिरले, झडत्या झाल्या, माणसे छावण्यांत नेली गेली. आणि लोकांनी काय केले? रोगी लपवले. प्रेतेही लपवली. पंडिता रमाबाईंना सरकारद्वेष्ट्या म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. त्यांनी त्याच वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात लिहून या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी आबाळ उघड केली. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. खुनाचे समर्थन आम्ही करणार नाही. पण ज्या नियमाला लोक सत्य सांगेनासे होतात तो नियम रोगही रोखू शकत नाही, ही साधी गोष्ट त्या वर्षाने दाखवून दिली होती.

सव्वाशे वर्षांनी ती पुन्हा दिसली. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री लागू झाली. प्रवासी रेल्वेगाड्या त्याआधीच थांबल्या होत्या. जेथे आहात तेथेच राहा, हा आदेश ज्याच्या घरी तांदळाचा डबा भरलेला होता त्याच्यासाठी गैरसोयीचा होता. ज्याचे काम आणि खोली दोन्ही एकाच ठेकेदाराच्या हाती होते त्याच्यासाठी तो उपासमारीचा होता. जालन्याहून भुसावळच्या दिशेने, पुढे मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने, रुळांच्या वाटेने पायी निघालेले सोळा मजूर ८ मे च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडपाशी मालगाडीखाली गेले. थकून रुळांवरच त्यांना झोप लागली होती. या सोळांनी प्रवासबंदीचा आदेश मोडला होता, हे अक्षरशः खरे आहे. ते वाक्य लिहितानासुद्धा लेखणी अडखळते, याचा अर्थच असा, की आज्ञापालनाचे कर्तव्य भाकरीच्या कर्तव्याआधी येत नाही.

राज्याराज्यांच्या सीमांची कथा थोडी वेगळी, आणि काहीशी बोधप्रदही. २५ नोव्हेंबर २०२० पासून दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोवा येथून येणाऱ्यांना महाराष्ट्राने चाचणीचा अहवाल सक्तीचा केला: विमानाने येणाऱ्यास ७२ तासांच्या आतील, रेल्वेने येणाऱ्यास ९६ तासांच्या आतील. गोव्याची माणसे धोकादायक, असा सूर तेव्हा आपल्याकडे सहज लागला. फेब्रुवारी उजाडला आणि रुग्ण महाराष्ट्रात वाढू लागले; कर्नाटकाने आपल्याकडून तोच कागद मागितला. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्याचे दारही अहवालाविना बंद झाले. विषाणू तोच होता, कागदही तोच होता; फक्त मागणारा आणि दाखवणारा यांनी जागा बदलल्या होत्या. या अदलाबदलीत अपमान वाटला तो दोन्ही वेळा दाखवणाऱ्यालाच. चाचणी मागण्यात अन्याय नव्हता. अन्याय होता तो, कागद मागताना समोरच्याला माणसाऐवजी रोग समजण्यात.

जुन्या करारातील लेवीय हे पुस्तक आपण सहसा चाळून पुढे जातो. त्यातील कुष्ठरोगाचे नियम कठोर आहेत. रोग्याने वस्तीबाहेर एकटे राहावे, असे ते सांगतात. पण त्यांच्या लगेच पुढच्या अध्यायात, बरे झालेल्याला परत कसे आणावे याचा विधी सविस्तर दिलेला आहे, आणि त्यात आरंभी याजकाने स्वतः छावणीबाहेर जायचे आहे. प्रभू येशूनेही हा नियम झुगारला नाही. मार्कच्या शुभवर्तमानात तो कुष्ठरोग्याला स्पर्श करतो, आणि लगेच त्याला याजकाकडे तपासणीसाठी पाठवतो. कोणाला काही सांगू नकोस, असेही बजावतो. तो माणूस ऐकत नाही, गावभर सांगत सुटतो. परिणामी येशूला नगरांत उघडपणे जाता येत नाही, त्याला बाहेर ओसाड जागी राहावे लागते. आत आणि बाहेर यांची अशी अदलाबदल तेथे घडते. एकाने सूचना मोडली, आणि बाहेर राहणे दुसऱ्याच्या वाट्याला आले.

छावणीबाहेर जाणारी माणसे आपल्याकडेही होऊन गेली. १८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना पुणे शहराबाहेर, हडपसरजवळच्या माळावर होता. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तेथवर नेले. त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. विलगीकरण त्यांनी मोडले नाही. रोग्याला गावाबाहेरच नेले. मात्र त्याला एकटे पाठवले नाही.

मे २०२० मध्ये मुंबईहून कोकणात उतरलेल्या चाकरमान्यांना गावोगावच्या शाळांत चौदा दिवस ठेवले गेले. काही गावांनी त्यांना येऊच नये असे बजावले. काही गावांत शाळेच्या ओट्यावर दोन वेळचा डबा येत राहिला, ठेवणारा चार पावले मागे सरून हाक मारी आणि आतला माणूस डबा उचली. पंधराव्या दिवशी तो माणूस बाहेर पडला तेव्हा त्याच्यासाठी कोणताही विधी नव्हता. तो आपली पिशवी उचलून घराकडे चालू लागला. वाटेवरच्या काही अंगणांतून ‘बरा आहेस ना?’ असे कोणी विचारले, आणि काही दारे तो पुढे जाईपर्यंत लोटलेलीच राहिली.