हॉल्टवर कोण असतं?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 13, श्लोक 22 (ज्या प्रतींत सुरुवातीला अर्जुनाचा प्रश्न धरतात, तिथे हा 23 वा).

मंडळी, देहात राहणाऱ्या परमपुरुषाला भगवंत इथे एकामागून एक नावं देतात. उपद्रष्टा, अनुमंता, भर्ता, भोक्ता, महेश्वर, परमात्मा. आज पहिल्या तीन नावांपाशीच थांबूया. तेवढी पचली तरी पुष्कळ.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात कोकण रेल्वेची काही अगदी छोटी थांबण्याची ठिकाणं आहेत. चिपळूणजवळचं कामथे घ्या, नाहीतर राजापूरकडचं सौंदळ. यांना हॉल्ट म्हणतात. हॉल्टला सिग्नल नसतो, रूळ बदलायचे सांधे नसतात, स्टेशन मास्तर नसतो. पॅसेंजर येते, मिनिटभर थांबते, गार्ड खूण करतो, गाडी जाते. मग पुन्हा झाडं आणि पाखरं. जपानमध्ये अशी बिनमाणसांची स्टेशनं खूप आहेत, तिथे ‘मुजिन-एकी’ म्हणतात. उतरणाऱ्याने तिकीट आपणहून एका पेटीत टाकायचं. घेणारा कोणी नाही!

नवखा माणूस म्हणेल, इथे वाली कोणी नाही. पण ड्रायव्हर तिथे गाडी थांबवतोच ना? कोणी लाल बावटा दाखवला म्हणून नव्हे. थांबा ठरलेला आहे म्हणून.

आता याच मार्गावरची पावसाळ्यातली रात्र डोळ्यांपुढे आणा. 26 जानेवारी 1998 ला हा मार्ग पूर्ण खुला झाला. सह्याद्रीचे डोंगर कापून आणि पोखरून केलेला. एकट्या करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. म्हणून पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करतात आणि गँगमन कंदील-बॅटरी घेऊन रुळावरून पायी गस्त घालतात. त्याच्या हजेरीची नोंद होते. पण कटिंगमधला तो ओला दगड त्याने थांबून नीट पाहिला, की मान खाली घालून पुढे गेला, हे कुठल्या वहीत लिहिणार? गाडीतली माणसं तर झोपलेली असतात.

‘देव बघतोय हां’ असं आपण लहान मुलांना दटावतो. म्हणजे देवाला आपण तिकीट तपासनीस करून टाकलं. उपद्रष्टा या शब्दात तसं काही नाही. उप म्हणजे जवळ. जवळ बसून पाहणारा. तो चूक पकडायला वरून डोकावत नाही. त्या गँगमनच्या छत्रीखाली जेवढी कोरडी जागा असेल, तेवढ्यातच तो आहे.

आणि अनुमंता? हे नाव मला नेहमी जड जातं. अनुमती देणारा. दगड न बघता पुढे गेलात तरी तो हात धरत नाही. विनातिकीट उतरलात तरी अडवत नाही. त्याच्या या गप्प राहण्यालाच आपण ‘कोणी नाही’ समजतो, आणि तिथेच माणूस घसरतो.

आमच्या गीतावर्गात एक वहिनी येतात. हल्ली फार क्वचित. सहा वर्षं सासूबाईंचं सगळं अंथरुणातच आहे. घरातले बाकीचे मुंबईला. परवा त्या म्हणाल्या, “काका, त्या आता मला ओळखतसुद्धा नाहीत. रात्री दोनला उठून त्यांची कूस बदलायची. एखाद्या रात्री नाही उठले तर कोणाला कळणार आहे?”

प्रश्न खरा आहे. कोणालाच कळणार नाही. चार दिवसांनी पाठीला जखम होईल, तेव्हाही कोणी म्हणेल, वयच झालंय. तरी वहिनी उठतात. मी त्यांना एवढंच म्हटलं, “रात्री दोनला त्या खोलीत तुम्ही दोघी नसता, तिघं असता. आणि तो तिसरा नुसता बघत बसलेला नाही, त्याचं पुढचं नाव भर्ता आहे.” भर्ता म्हणजे भार उचलणारा, पोसणारा. ज्या बळाने त्या झोपेतून उठतात, ते कुठून येतं असं वाटतं तुम्हाला?

पण हे सांगून आपण मोकळे झालो असं समजू नका. भार उचलणारा देव बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या हातांनी उचलतो. या शनिवारी दुपारी आमची ही त्यांच्याकडे बसणार आहे, म्हणजे वहिनींना तीन तास झोप मिळेल. पुढच्या शनिवारचं अजून ठरलेलं नाही. वर्गातल्या कोणाला जमत असेल तर गुरुवारी भेटल्यावर सांगा.

उद्या पुढचा श्लोक.

राम कृष्ण हरी.