अभ्यासाच्या दिवसात शरीराचा वाटा

दहावी-बारावीचे वर्ष सुरू झाले की आपल्या घरांत पहिली काट बसते ती खेळावर. सायकल भिंतीला लागते, बॅट माळ्यावर जाते, आणि "परीक्षा होऊ दे, मग खेळ हवे तेवढे" असे सांगितले जाते. माढ्यासारख्या तालुक्याच्या गावात असे सांगायला कारणही भक्कम असते. वाड्या-वस्त्यांवरची मुले एस.टी.ने येतात. पहाटे उठणे, शाळा-कॉलेज, शिकवणी, मग परतीची गाडी. जी कुर्डुवाडीला जातात त्यांचेही तेच. घरी पोचेपर्यंत दिवेलागण होते. यात व्यायाम बसवायचा कुठे, असे आईवडील विचारतात तेव्हा ती सबब नसते.

तरीही आम्हांला वाटते की हा प्रश्न वेळेइतकाच हक्काचाही आहे. खेळ ही अभ्यास नीट केल्याची बक्षिसी आहे, की शरीराचे आपण मुळातच काही देणे लागतो? आपल्याकडचा शेतकरी दुपारी औत सोडतो, बैलांना पाणी दाखवतो, सावलीला बांधतो. सकाळी किती रान नांगरून झाले याचा हिशेब करून तो वैरण टाकत नाही. पोटच्या पोराच्या बाबतीत मात्र आपण गुण पाहून मोकळीक देतो.

संत फ्रान्सिस असिसीकर आपल्या शरीराला 'गाढवभाऊ' म्हणत. उपास, जागरणे, थंडीवारा असे फार ओझे त्यांनी या गाढवावर लादले. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी याच शरीराची क्षमा मागितली, असे त्यांचे जुने चरित्रकार सांगतात. १२२६ साली ते वारले तेव्हा पंचेचाळिशीच्या आतबाहेर होते. देवासाठी देह झिजवणाऱ्या संतालाही हे देणे जाणवले. आपण तर टक्केवारीसाठी झिजवतो.

कोणी म्हणेल, तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात शारीरिक कसरतीचा उपयोग थोडाच असे म्हटले आहे. खरे आहे, पण तिथे तुलना भक्तीशी आहे, गणिताच्या शिकवणीशी नाही. शिवाय करिंथच्या मंडळीला शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे संत पौलानेच शिकवले, आणि त्याच पत्रात धावण्याच्या शर्यतीचा दाखला दिला. करिंथजवळ मोठे क्रीडासामने भरत, त्यामुळे तो दाखला तिथे कोणाला समजावून सांगावा लागला नसेल.

आता वेळेचे बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे आहे: ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटे अंग हलेल, दम लागेल अशी हालचाल करावी. हा तास एकसलग हवा असे नाही. स्टँडपर्यंत झपझप चालणे, शिकवणीला सायकलने जाणे, दोन विषयांच्या मध्ये दहा मिनिटे दोरीवरच्या उड्या, हे सगळे त्यात धरता येते. परीक्षेच्या सुमारास आपल्याकडे ऊन तापू लागते, म्हणून दुपार टाळून सकाळ किंवा दिवस कलल्यानंतरची वेळ बरी. इतके जमवणे अवघड असले तरी अशक्य नाही.

खाशाबा जाधवांचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. पुढे वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्रात यायला २०२४ साल उजाडले. ते स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत आणले. मध्ये ७२ वर्षे गेली. म्हणजे पदकाच्या आशेने पोराला मैदानावर पाठवायचे म्हटले, तर बहुतेकांनी घरीच बसावे हे बरे! आम्हांला त्या गोष्टीत मोठे वाटतात ते प्राचार्य. विद्यार्थ्याच्या कुस्तीला त्यांनी 'वेळ वाया' म्हटले नाही.

सर्वांत अवघड भाग मुलींचा आहे. "ती दिवसभर राबतेच की, तिला निराळा व्यायाम कशाला?" हे वाक्य आपल्याही घरांत ऐकू येते. पाणी भरणे, झाडलोट, धुणे ही हालचालच आहे, आणि तज्ज्ञांच्या मोजणीत ती धरतातही. पण ते काम दुसऱ्याच्या गरजेसाठी, दुसऱ्याने सांगितलेल्या वेळी होते. खेळात ती स्वतःच्या मर्जीने धावते, दमते, हसते. हा फरक मिनिटांच्या हिशेबात दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलींनी तो जिंकला; कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. खो-खोला लागतात दोन खांब आणि मोकळी जागा. जागा आपल्या गावांत अजून आहे. मुलींना संध्याकाळ मोकळी मिळत नाही.

ती मिळवायची तर घरातल्या कामाची वाटणी बदलावी लागेल. संध्याकाळी भाऊ मैदानावरून येतो आणि बहीण भांड्यांपाशी बसलेली असते. आठवड्यातले तीन दिवस भांडी त्याने घासली, तर तिला तीन संध्याकाळी मिळतात, आणि त्याच्याकडे उरलेले चार दिवस राहतातच. तक्रार तो करील, कदाचित आजीही करील. रविवारच्या मिस्सानंतर घरी जाता जाता या वाटणीचे बोलणे काढावे; सोमवारपासून कोणाची पाळी, एवढे ठरले तरी पुष्कळ.